थरच्या वाळवंटातील मोटरसायकल प्रवासाचा शेवटचा दिवस: तनोट आणि लोंगेवाला त्याच दिवशी करावे काय?

म्हादईकाठ (वाळपई) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार.

येत्या नाताळच्या सुटीत मी आणि माझा तेरा वर्षांचा मुलगा, असे आम्ही दोघेच राजस्थानातील थरच्या वाळवंटात मोटरसायकलने फिरणार आहोत. गाडी मी चालवणार आणि तो मागे बसणार. साडेतीनशे सीसीची गाडी मडगावहून रेल्वेने जोधपूरला पाठवायची, तिथून ओसियां, फलोदी, जैसलमेर, सम आणि खुडी असे फिरायचे आणि पुन्हा जोधपूरला येऊन गाडी रेल्वेत चढवायची, इतके नक्की झाले आहे. चोर्ला आणि अनमोड हे दोन्ही घाट मी भर पावसातही चालवलेले आहेत, त्यामुळे गाडी चालवण्याची मला धास्ती नाही. प्रश्न आहे तो शेवटच्या दिवसाचा.

मुलाला लोंगेवाला पाहायचे आहे. १९७१ च्या डिसेंबरात, ४ तारखेच्या रात्री, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखालील पंजाब रेजिमेंटच्या एका कंपनीने पाकिस्तानी रणगाड्यांना पहाटेपर्यंत कसे थोपवून धरले आणि उजाडताच जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी ते रणगाडे कसे टिपले, हे सारे त्याला तोंडपाठ आहे. त्याचा आग्रह असा की लोंगेवाला आणि जवळचे तनोट ही ठिकाणे अगदी शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवावीत. प्रवासाचे टोक सीमेवर असावे आणि तिथूनच घराकडे तोंड वळवावे. त्याची ही कल्पना मला मनापासून आवडली आहे, म्हणून ती सरळ मोडीत काढायला माझे मन धजत नाही.

मात्र नकाशा घेऊन बसले तेव्हा हिशेब असा निघाला. जैसलमेरहून रामगढमार्गे तनोट सुमारे १२० किलोमीटर, तनोटहून लोंगेवाला ४० च्या आतबाहेर, तिथून पुन्हा रामगढमार्गे जैसलमेर शंभराहून थोडे अधिक आणि जैसलमेरहून जोधपूर २८०. म्हणजे एकाच दिवसात साडेपाचशेच्या घरात जाते. रस्ते सरळ आणि मोकळे आहेत, असे भेटेल तो सांगतो. दुसऱ्या दिवशी जोधपूरहून आमची परतीची रेल्वे आहे, त्यामुळे त्या रात्री जोधपूरला पोहोचणे भाग आहे.

हे एका दिवसात करण्यासारखे आहे काय? नसेल तर तनोट आणि लोंगेवाला कोणत्या दिवशी बसवावे? आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ती ठिकाणे आधीच उरकून घेतली तर शेवटच्या दिवसात मुलासाठी काय उरते? तो दिवस म्हणजे नुसती सामानाची वाहतूक ठरू नये, अशी माझी इच्छा आहे.

सीमेवरचा पेडणेकर (पेडणे) यांचे उत्तर

ताई, तुमचा हिशेब बरोबर आहे आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नाही असेच आहे. माझ्या नोकरीची काही वर्षे जैसलमेर जिल्ह्यात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी उजेडाचे पाहा. आपल्याकडे डिसेंबरअखेर सातच्या सुमारास सूर्य उगवतो. जैसलमेर देशाच्या पार पश्चिमेला असल्यामुळे तिथे सूर्योदयाला साडेसात वाजतात आणि सहाच्या सुमारास सूर्य मावळतो; म्हणजे दिवस जेमतेम साडेदहा तासांचा असतो. त्यातही सकाळचा पहिला दीड तास मुलाला मागे बसवून लांब पल्ला गाठण्याजोगा नसतो. पारा सात-आठ अंशांपर्यंत उतरलेला असतो आणि धावत्या गाडीवर तीच थंडी दुप्पट बोचते. गोव्यात वाढलेल्या मुलाला अशा थंडीची सवय नसते, आणि मागे बसणाऱ्याला हालचालही नसल्यामुळे तो चालवणाऱ्याआधी गारठतो. तेव्हा कामाचे तास सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच एवढेच धरावेत. आठ तासांत साडेपाचशे किलोमीटर म्हणजे कुठेही न थांबता ताशी जवळजवळ सत्तरची सरासरी. तनोटला उतरायचे नाही, लोंगेवाल्याला थांबायचे नाही, जेवायचे नाही, तर मग तिथे जाण्यात अर्थ काय?

रस्ता सरळ आणि गुळगुळीत आहे, हे खरे आहे. रामगढच्या पुढे तर इतका सरळ की चालवणाऱ्याचे लक्ष सुटते. आडवा वारा सुटला की वाळूचे पट्टे डांबरावर येऊन बसतात. आपल्या खाणपट्ट्यात उन्हाळ्यात रस्त्यावर खनिजाची भुकटी साचते, तिच्यावरून गाडी घातलेली असेल तर तुम्हाला थोडा अंदाज येईल. वाळूचा थर तिच्याहून जाड आणि अधिक सरकता असतो. पट्टा दिसताच आधीच वेग कमी करावा, गाडी सरळ उभी ठेवावी आणि वाळूवर असताना पुढचा ब्रेक दाबू नये. हे लक्ष ताजे असताना सहज जमते. दिवसभराचे तीनशे किलोमीटर अंगावर घेतल्यावर तेच नजरेतून निसटते.

तिसरी गोष्ट उंटांची आहे आणि ती मी मुद्दाम ठासून सांगतो. तिकडे उंट चरायला मोकळे सोडलेले असतात आणि संध्याकाळी रस्त्यावरून, रस्त्याच्या कडेने, मनाला येईल तसे चालत असतात. गाडीच्या दिव्याच्या झोतात उंटाचे फक्त चार पाय येतात, धड झोताच्या वर अंधारात राहते आणि रंग तर वाळूचाच. धडक बसली तर ते धड नेमके चालवणाऱ्याच्या छातीच्या उंचीवर येते. अंधार पडल्यावर त्या भागात मोटरसायकल चालवायची नाही, हा नियम कोणत्याही कारणासाठी मोडू नये. रेल्वे चुकण्याच्या भीतीने तर मुळीच नाही.

म्हणून तनोट आणि लोंगेवाला प्रवासाच्या मधल्या दिवशी, मुक्काम जैसलमेरलाच ठेवून, करावे. फेरी साधारण २६५ किलोमीटरची होते आणि पूर्ण दिवस तिच्यासाठी मोकळा ठेवावा. आधी तनोट करावे. तेथील मातेच्या मंदिराची सारी व्यवस्था सीमा सुरक्षा दलाकडे आहे. १९६५ च्या युद्धात मंदिराच्या आवारात पडलेले तोफगोळे फुटलेच नाहीत अशी श्रद्धा आहे आणि त्यांतील काही गोळे आजही मंदिरात मांडून ठेवलेले आहेत. चिरंजीव तिथून लवकर हलणार नाही, हे गृहीत धरा. मग लोंगेवाला, आणि चार वाजण्याच्या आत रामगढकडे परत. जाताना रामगढला पेट्रोलची टाकी भरून घ्यावी, पुढे मोबाइलच्या सिग्नलवर विसंबू नये आणि दोघांचीही ओळखपत्रे जवळ बाळगावीत. तनोटपर्यंत आपल्या नागरिकांना वेगळा परवाना लागत नाही. तिथून प्रत्यक्ष सीमेकडे जायचे असेल तर मात्र लागतो.

मागची सीट (मडगाव) यांचे उत्तर

पेडणेकर काकांनी रस्त्याचे सांगितलेच आहे. मी मागे बसणाऱ्याच्या बाजूने लिहिते, कारण शाळेत असताना मी बाबांच्या गाडीवर मागे बसून कच्छचे रण आणि थर हे दोन्ही पाहिले आहेत आणि तुमच्या मुलाच्या जागी मी बसलेली आहे.

मागे बसणाऱ्याला समोरचा रस्ता दिसत नाही. त्याच्या नजरेसमोर असते ती पुढच्याच्या हेल्मेटची मागची बाजू, आणि मान वळवली तर एका अंगाला खेजडीची झाडे, बाभळी, कुंपणाच्या तारा, पुन्हा खेजडी. घाटात वळणे असतात, खाली दरी असते, धबधबे असतात. वाळवंटातला महामार्ग तासन्‌तास एकसारखा असतो आणि त्या एकसुरी आवाजात मुलांना झोप लागते. डोके पुढे झुकून तुमच्या पाठीवर हेल्मेट आपटू लागले, गुडघ्यांची पकड सैल झाली, वळणावर तो तुमच्याबरोबर न झुकता क्षणभर उशिरा झुकू लागला, की तो पेंगतो आहे असे समजावे आणि पुढचे गाव येण्याची वाट न पाहता तिथेच कडेला घ्यावे.

तहानेचेही तसेच. गोव्यात घाम अंगावर दिसतो, कपडे भिजतात, म्हणून आपल्याला पाण्याची आठवण होते. तिथल्या कोरड्या हवेत घाम येताक्षणीच वाळून जातो, त्यामुळे अंगातून पाणी गेल्याचे कळतच नाही आणि दुपारी एकदम डोके दुखायला लागते. हिवाळ्यात तर तहानही लागत नाही. प्रत्येक थांब्यावर दोघांनीही पाणी प्यायचेच, असा दंडक ठेवावा. बरोबर ओआरएसची पाकिटे असू द्यावीत.

पण मला जे खरोखर सांगायचे आहे ते वेगळे आहे. शेवटच्या दिवशी मूल आपण थकलो आहोत हे सांगत नाही. आधीच्या दिवसांत मी बिनधास्त सांगत असे, कुरकुरही करीत असे. शेवटच्या दिवशी मात्र तोंडातून शब्द फुटत नसे. उद्या हे सारे संपणार हे ठाऊक असते, बाबांना वेळेत पोहोचायचे आहे हेही कळत असते आणि आपल्यामुळे या दिवसाला गालबोट लागू नये असे वाटत असते. त्यामुळे बाबांनी मान वळवून विचारले की मी हात उंचावून ठीक असल्याची खूण करीत असे, आणि त्या वेळी माझे पाय बधिर झालेले असत. तुमचा मुलगा तेरा वर्षांचा आहे. या वयात तर आपण दमत नाही हे दाखवण्याची हौस अधिकच असते.

म्हणून माझी विनंती आहे की त्या दिवशी त्याला थकलास का, असे विचारू नका. विचारण्यावर काहीही अवलंबून ठेवू नका. किलोमीटरच्या काट्याकडे पाहून थांबा: दर पन्नास-साठ किलोमीटरला, तो ताजातवाना दिसत असला तरीही, गाडी बंद, हेल्मेट खाली, दोघांनी थोडे चालायचे. असा थांबा ठरलेला असला की तो कोणाच्या कमजोरीचा पुरावा ठरत नाही. त्याशिवाय पहिल्याच दिवशी एक खूण ठरवून ठेवा. आमची खूण होती खांद्यावर दोन थापा. दोन थापा पडल्या की बाबा सुरक्षित जागा पाहून थांबत आणि कारण कधीही विचारत नसत. ते विचारत नसत, म्हणूनच मी त्या थापा मारू शकत असे.

शेवटच्या दिवशी पालक एकाएकी स्टेशनमास्तर होतात, हेही मागच्या सीटवरून फार जाणवते. बोलणे सगळे वेळेचे, सामानाचे, तिकिटांचे. माझ्या मनात अजून घर करून राहिला आहे तो पोखरणजवळचा एक चहाचा ठेला. बाबांनी टायरची हवा मोजण्याचा गेज माझ्या हातात दिला, मी पुढच्या चाकाशी उकिडवी बसले, झाकण काढले, गेज वाकडा धरला म्हणून हवा फुस्स करून सुटली, पुन्हा नीट दाबला आणि आकडा वाचून दाखवला. तो त्यांनी त्यांच्या वहीत न लिहिता माझ्याकडूनच लिहून घेतला. घरी परतेपर्यंत ती वही माझ्याकडे होती. तुमच्या मुलाकडे शेवटच्या दिवशी असे एखादे खरे काम द्या, ज्यावर गाडीचे खरोखर काही अवलंबून आहे. लहान मुलाला गुंतवून ठेवण्यासाठी दिलेले काम या वयाच्या मुलांना लगेच ओळखू येते.

म्हादईकाठ (वाळपई)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काकांचे पटले, तनोट आणि लोंगेवाला मधल्या दिवशी हलवते. मागच्या सीटवरचे वाचून मी बराच वेळ विचार करीत बसले, कारण माझा मुलगा कोणत्याही प्रश्नाला चालेल एवढेच उत्तर देतो आणि आजवर मी त्या उत्तरावर विसंबत आले आहे. खांद्यावरच्या दोन थापा आम्ही वाळपई ते साखळी एवढ्या अंतरावर आत्तापासूनच सुरू करू.

आता उरला प्रश्न शेवटच्या दिवसाचा. सरळ जैसलमेर ते जोधपूर यावे, की आदल्या दिवशी बाडमेरला उतरून तिथून जोधपूर गाठावे? बाडमेरहून अंतर दोनशेच्या आसपास दिसते.

काणकोणचा बाप (काणकोण) यांचे उत्तर

बाडमेरचा वळसा घेऊ नका, असे माझे मत आहे. जैसलमेर ते बाडमेर सुमारे १५५ आणि बाडमेर ते जोधपूर २००. म्हणजे शेवटचा दिवस थोडा हलका होतो, पण त्यासाठी आधीचा अख्खा दिवस खर्ची पडतो. हाताशी एक दिवस जास्तीचा असेल तर गोष्ट वेगळी, कारण त्या रस्त्यावर जैसलमेरपासून सतरा-अठरा किलोमीटरवर आकलचे जीवाश्म उद्यान आहे. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले बुंधे तिथे उघड्या माळावर पडलेले आहेत आणि जिथे आज गवताचे पातेही मुश्किलीने दिसते तिथे कधीकाळी घनदाट जंगल होते, हे मुलांना तिथे प्रत्यक्ष पाहता येते. ते पाहायचेच असेल तर जैसलमेरच्या मुक्कामात अर्ध्या दिवसात जाऊन परत यावे.

पेडणेकरांच्या मताशी मी सहमत आहे, पण त्यात एक भर घालतो. शेवटचा दिवस नुसता छोटा करून भागत नाही. रिकामा दिवसही तेरा वर्षांच्या मुलाला जड जातो. त्या दिवसाला स्वतःचे असे काहीतरी हवे, आणि तुमच्या मुलाच्या बाबतीत ते आयते रस्त्यावरच आहे. जैसलमेरहून जोधपूरकडे निघाले की दहा-बारा किलोमीटरवर महामार्गालगत लष्कराचे युद्धसंग्रहालय आहे. २०१५ साली ते सुरू झाले. आवारात युद्धात हाती लागलेले रणगाडे उभे आहेत, लोंगेवाल्याच्या लढाईला वाहिलेले स्वतंत्र दालन आहे आणि हंटर विमानही ठेवलेले आहे.

मुलाची जी मूळ इच्छा आहे, ती यात जवळजवळ जशीच्या तशी पूर्ण होते. लढाई रात्री लोंगेवाल्याच्या वाळूत सुरू झाली आणि सकाळी जैसलमेरहून उडालेल्या विमानांनी तिचा निकाल लावला. मधल्या दिवशी त्याने ती जमीन पाहावी: मोकळे वाळूचे मैदान, आडोसा जवळजवळ नाही, आणि एवढ्या थोड्या माणसांनी रात्रभर तिथे पाय रोवून राहायचे म्हणजे काय, हे पुस्तकात वाचून कळत नाही, तिथे उभे राहून कळते. आणि शेवटच्या दिवशी घराकडे निघताना त्याने ती विमाने पाहावीत. त्याला प्रवासाचे टोक सीमेवर हवे होते. त्याऐवजी त्या लढाईचा शेवट जिथून आला तिथे ते टोक येईल. त्याला हे असे समजावून सांगितले तर तो ऐकेल असे मला वाटते, कारण यात त्याच्या कल्पनेला नकार नाही, तिची नीट मांडणी आहे.

माझी मुलगी चौदा वर्षांची असताना आम्ही याच रस्त्याने आलो. तिला रणगाड्यांत फारसा रस नव्हता, पण विमानाच्या पोटाखाली उभी राहून ती चाकांच्या कप्प्यात वाकून वाकून पाहत होती आणि मी घड्याळ पाहत नाही याचे तिला विशेष वाटले होते.

सीमेवरचा पेडणेकर (पेडणे)

काणकोणकरांची सूचना उत्तम आहे. माझ्या लक्षात ती यायला हवी होती. फक्त वेळेचे गणित पक्के करा. नऊ वाजता संग्रहालयात, साडेदहाला बाहेर. उघडण्याची वेळ आदल्या दिवशी जैसलमेरलाच विचारून ठेवा. पोखरण जैसलमेरपासून सुमारे ११० किलोमीटर, म्हणजे मधल्या थांब्यासह साडेबारा. तिथे जेवण आणि पाऊण तासाची विश्रांती. पुढचे १७० किलोमीटर दोन थांबे घेऊन साडेचार-पाचपर्यंत होतात. संग्रहालयात अकरा वाजतील असे वाटत असेल तर पोखरणचा वेळ कमी करू नका. त्याऐवजी सकाळी अर्धा तास आधी मुक्काम सोडा. पोखरणच्या अलीकडे लाठीच्या परिसरात चिंकारा आणि नीलगायी रस्ता ओलांडतात, तेव्हा दिवसाही तिथे वेग आवरावा. पोखरणच्या पुढे वाहतूक वाढते, जोधपूर जवळ आल्यावर ट्रक बरेच असतात आणि अपघाताला कारण ठरते ती नेमकी इथली पोहोचलोच आता ही भावना.

म्हापशाचे गॅरेज (म्हापसा) यांचे उत्तर

गाडीच्या आणि पार्सलच्या अंगाने थोडेसे लिहितो, कारण शेवटच्या दिवसाची ओढाताण बहुतेक वेळा त्यातूनच होते.

रेल्वे मोटरसायकल दोन प्रकारे नेते. तुमच्याच तिकिटावर, तुम्ही ज्या रेल्वेने जाता तिनेच गाडी न्यायची असेल तर ती लगेज म्हणून नोंदवली जाते. तुम्ही बरोबर नसाल तर पार्सल म्हणून. दोन्हीकडे टाकी पूर्ण रिकामी असावी लागते. नोंदणीपुस्तकाची प्रत, ओळखपत्र आणि लगेज असेल तर प्रवासाचे तिकीट लागते. गोणपाट आणि गवत बांधून गाडी पॅक करून देणारे लोक पार्सल कार्यालयाच्या आसपासच असतात. आरसे उतरवून पिशवीत घ्या आणि गाडीवर नाव, कुठून कुठे आणि फोन नंबर ठळक लिहिलेले पुठ्ठे दोन ठिकाणी बांधा. परतीची रेल्वे सकाळची असेल तर पॅकिंग आणि नोंदणी आदल्या संध्याकाळीच व्हायला हवी, आणि त्यासाठी कार्यालय किती वाजेपर्यंत नोंदणी घेते हे जाताना जोधपूरला गाडी उतरवून घ्याल तेव्हाच विचारून ठेवा. रेल्वे दुपारची किंवा रात्रीची मिळत असेल तर तीच घ्यावी, असे मी सुचवेन. मग शेवटच्या दिवशी जोधपूरला पोहोचल्यावर जेवून झोपणे एवढेच काम उरते.

टाकी रिकामी करायची असल्यामुळे शेवटच्या दिवशी पेट्रोलही बेतानेच भरावे. साडेतीनशे सीसीच्या गाडीला दोघांसह आणि सामानासह लिटरला तीस किलोमीटर धरले तर २८० किलोमीटरला साडेनऊ लिटरच्या आसपास लागतील. पोखरणला काटा पाहून जोधपूरपुरते, वर दीड-दोन लिटर, एवढेच घाला. हा हिशेब मुलाकडे सोपवा. मागच्या सीटवाल्या ताईंनी खऱ्या कामाविषयी लिहिले आहे ते हेच: रोजचे किलोमीटर आणि लिटर त्याने लिहून ठेवले तर शेवटच्या दिवशी किती भरायचे हे तोच सांगू शकेल आणि त्याच्या आकड्यावर गाडी खरोखर चालेल.

तनोटहून परतलात की त्याच संध्याकाळी चेन पाहा. वाळू बसलेल्या चेनवर सरळ तेल सोडले तर त्याचा घासून काढणारा, मलमासारखा लगदा होतो आणि चेन व तिचे दातेरी चाक (स्प्रॉकेट) दोन्ही झिजतात. आधी कोरड्या ब्रशने वाळू झाडायची, फडक्याने पुसायची, मग थोडे तेल, आणि वरचे जास्तीचे पुन्हा पुसून काढायचे. मऊ जमिनीवर गाडी लावताना साइड स्टँडखाली चपटा दगड किंवा लोखंडी चकती ठेवा, नाहीतर स्टँड रुतून गाडी आडवी होते. बाभळीचे काटे टायरमध्ये सहज शिरतात, तेव्हा गाडीला ट्यूबचे टायर असतील तर जास्तीची ट्यूब बरोबर असलीच पाहिजे.

मुलाच्या हेल्मेटविषयीही सांगतो. मोठ्या माणसाचे हेल्मेट मुलाला घालून चालत नाही. ते डोक्यावर फिरते आणि वाऱ्याने मान मागे ओढली जाते. पट्टा बांधून मान जोरात हलवून पाहावी, हेल्मेट डोक्याबरोबर हलले तर मापाचे. आयएसआय चिन्ह पाहूनच घ्यावे आणि आत्ताच घ्यावे, म्हणजे निघेपर्यंत आतले अस्तर बसते.

म्हादईकाठ (वाळपई)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल कृतज्ञ आहे. हा सारा मजकूर मी मुलाला वाचायला दिला. शेवटच्या दिवशी सीमा नाही, हे वाचून आधी तो गप्प राहिला. मग काणकोणकरांचे उत्तर त्याने पुन्हा वाचले आणि हंटर विमान लोंगेवाल्यानंतरच पाहायचे, आधी चुकूनही नाही, अशी अट घातली. त्यामुळे जैसलमेरला येताना संग्रहालय महामार्गावर लागले तरी आम्ही तिथे न थांबता पुढे जाणार आहोत.

ठरले ते असे. जैसलमेरच्या मुक्कामातील मधला दिवस तनोट आणि लोंगेवाला यांना दिला आहे. शेवटच्या दिवशी नऊला संग्रहालय, साडेबाराला पोखरण आणि पाचच्या आत जोधपूर. दर साठ किलोमीटरला थांबा, कोणी काही म्हणो वा न म्हणो. किलोमीटर आणि पेट्रोलची वही मुलाकडे. पोखरणला किती लिटर भरायचे ते तो सांगेल आणि मी तेवढेच भरीन. परतीचे तिकीट सकाळच्या रेल्वेऐवजी उशिराच्या रेल्वेचे मिळते का, हे आज संध्याकाळी पाहते. हेल्मेट घ्यायला शनिवारी म्हापशाला येत आहोत.

काका, एकच विचारायचे राहिले. मुलासाठी लोकरीचे हातमोजे आणि आतले गरम कपडे इथे पणजीत शोधावेत की जोधपूरला पोहोचून घ्यावेत?

सीमेवरचा पेडणेकर (पेडणे)

गरम कपडे जोधपूरला घ्या. हिवाळ्यात तिथल्या बाजारात भरपूर आणि स्वस्त मिळतात. हातमोज्यांचे मात्र इथूनच पाहा. नुसत्या लोकरीतून वारा आरपार जातो, म्हणून बाहेरून वारा अडवणारे, मोटरसायकलचेच हातमोजे त्याच्या मापाचे घ्या आणि आत पातळ सुती मोजे घालायला द्या. मागे बसणाऱ्याचे हात आपल्या आडोशाला असतात असे वाटते, पण पकडण्यासाठी बाहेरची दांडी धरली की ते सरळ वाऱ्यात येतात.

मानेभोवती गुंडाळायला एक सुती गमछाही असू द्या. सकाळी तो थंडीला उपयोगी पडतो, आणि दुपारी उन्हाचा त्रास झाला तर ओला करून गळ्याभोवती ठेवता येतो. कोरड्या हवेत त्याने लगेच बरे वाटते.